भिंतीला मानवलेले दूध

करंजवाडीतल्या मुलांना दूध मानवत नाही, हे कुंदा दिघेला पहिल्या महिन्यातच कळून चुकले होते. ते वरिष्ठांच्या गळी कसे उतरवायचे, हे मात्र दोन वर्षे होत आली तरी तिला उमगले नव्हते.

दूध होते ते समुद्रापलीकडचे. युरोपातल्या गायींचे, साय काढून घेतलेले, वाळवून भुकटी केलेले, पुठ्ठ्याच्या उंच पिंपांत भरलेले. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षे झाली होती, आणि जगातल्या भरल्या देशांनी रित्या देशांकडे दयेने पाहायला सुरुवात केली होती. एका परदेशी संस्थेने पाठवलेली ही भुकटी मुंबईच्या बंदरात उतरे, तिथून कल्याण तालुक्यातल्या एका साहाय्य समितीकडे येई, आणि समितीची पगारी सेविका म्हणून कुंदा ती गरम पाण्यात कालवून मुलांना पाजी. आठवड्यातले तीन दिवस उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. उरलेले तीन दिवस बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला रानात वसलेल्या करंजवाडी या ठाकर आदिवासींच्या वस्तीत. नियम एकच होता, पण कडक होता. दूध सेविकेच्या डोळ्यांसमोर प्यायले गेले पाहिजे. कोरडी भुकटी कोणाच्याही हाती द्यायची नाही.

कुंदाची तिशी जवळ आली होती. अर्थशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली होती, त्यावर समाजसेवेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला होता, आणि लग्नाचा विषय निघाला की ती ताटावरून उठत असे. अंबरनाथला थोरला भाऊ अण्णा एका कारखान्यात पर्यवेक्षक होता. त्याच्या क्वार्टरमधली मागची खोली तिची. वहिनी मालिनी स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला धार होती.

"वन्सं," ती एकदा म्हणाली, "ते तुमचं विलायती दूध एवढं पायपीट करून न्यायचं, आणि ती पोरं ओकून टाकणार. त्यापेक्षा आमच्या बाळला द्या की. आनंदानं पिईल, वर मिशीही पुसणार नाही."

"बाळला भय्या रोज दूध घालतो, वहिनी."

"म्हणूनच त्याला पचतं ना! पचतं त्याला द्यावं."

अण्णाने वर्तमानपत्रातून डोके वर काढले. "जगात सगळीकडे हेच आहे, कुंदे. वरचा खातो, खालचा बघतो. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"सगळीकडे हेच आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा तरी सगळीकडे हिंडून यावं," कुंदा म्हणाली. "तू कर्जतच्या पुढं गेला नाहीस."

ती रागाने बोलली खरी, पण वहिनीचे वाक्य तिच्या मनातून जाईना. पचते त्याला द्यावे. अंबरनाथच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या शाळेने समितीकडे दुधाची मागणी केलेली होती, आणि त्या मागणीमागचा विचार नेमका हाच होता. तिथली मुले धडधाकट, दुधाची सवय असलेली. त्यांना पाजलेले दूध अंगी लागले असते, वजनात दिसले असते, परदेशी दात्याला दाखवता आले असते. गरज जितकी कमी तितकी मदत फलद्रूप. हा हिशेब बिनचूक होता, आणि त्याच्या बिनचूकपणाचीच कुंदाला चीड येत असे.

चार नंबर कॅम्पात तिला असा प्रश्न कधी पडला नाही. लष्कराच्या जुन्या बराकींत पडदे लावून राहणारी ती सिंधी कुटुंबे सारे काही मागे टाकून आली होती. मात्र मागायचे कसे, हे मागे टाकून आली नव्हती. रांगेत सर्वांत पुढे चेतीबाई असे. शिकारपूरला तिच्या घरी कापडाची पेढी होती. आता तिचा नवरा बराकीच्या ओट्यावर पापड विकत होता.

"बहनजी, आज पानी में दूध है कि दूध में पानी?" ती भांडे पुढे करीत विचारी. "कल हम चार औरतें ऑफिस में जाएँगी. बोल के रखती हूँ."

आणि ती खरोखरच जाई. साहेबाला गाठून, आपण काय होतो आणि आपले काय झाले हे सांगून, दुसऱ्या दिवशी जास्तीचे पिंप मिळवून आणी. कुंदाला तिचा राग येई आणि कौतुकही वाटे. निर्वासिताच्या दारिद्र्याला तारीख होती. अमुक साली, अमुक गावी, अमुक इतके गेले, असे त्याला म्हणता येत होते, आणि सरकारलाही ते ऐकून घ्यावे लागत होते. करंजवाडीच्या दारिद्र्याला तारीखच नव्हती. त्यांचे कधी काही गेले नव्हते, कारण कधी काही कोणी त्यांच्या नावावर लावलेच नव्हते. ज्याचे आरंभस्थान सांगता येत नाही अशा दुःखाला जगात कुठेच भरपाई मिळत नाही, असा सिद्धांत कुंदाने मनाशी बांधला होता. तो कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

करंजवाडीत दूध हा मुळी माणसाचा पदार्थच नव्हता. चार-दोन घरी गाई होत्या, पण त्या शेणासाठी आणि बैलांसाठी. "दूध वासराचा," असे नवसीने तिला पहिल्याच दिवशी बजावले होते. नवसी वाडीतली वडीलधारी बाई. काळी, सडपातळ, बोलण्यात कोणाचीच भीड न ठेवणारी. कलेक्टर आला असता तरी तिने त्याला 'तू'च म्हटले असते. पंचक्रोशीत लग्नाचा चौक लिहावा तर तिनेच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती देव, झाडे आणि नाचणारी माणसे लिही, तेव्हाच लग्न लागे. त्याबद्दल लग्नघरचे लोक तिला तांदूळ देत. थोडे चौकाला, थोडे तिला.

कुंदाने दूध पातळ करून पाहिले, गूळ घालून पाहिले. मुले मुकाट्याने पीत आणि तासाभरात पोट धरून बसत. वाडीत नाचणीची आंबवलेली आंबील सर्वांना पचत असे, म्हणून या दुधाचे ताक करून द्यावे असे तिने समितीला सुचवले. समितीचे चिटणीस दौलतराव यांनी तिला बोलावून घेतले. दौलतराव लाकडाचे ठेकेदार होते. वाडीतली माणसे त्यांच्याच कुपात, म्हणजे तोडीसाठी त्यांनी ठेक्याने घेतलेल्या रानात, कामाला जात.

"कुंदाताई, ताक हे दुधात मोडतं का?"

"दुधाचंच होतं ते, दौलतराव."

"तसं म्हटलं तर पेढाही दुधाचाच होतो. उद्या पेढे वाटायचे का? वरून आलेला शब्द 'दूध' आहे. दूध म्हणजे दूध."

वाडीतल्या बायका तरीही कुंदाची वाट पाहत, त्याचे कारण निराळे होते. दुधाच्या पिंपाबरोबर एक पत्र्याची पेटी येई. तीत खरजेचे मलम होते, हिवतापाच्या गोळ्या होत्या, डोळ्यांत घालायचे औषध होते. आधी पोराने भांडे रिते करायचे, मग आईने मलम मागायचे, असा अलिखित सौदा ठरून गेला होता. कुंदाला तो कळत होता. तो मोडण्याचे धैर्य तिला झाले नव्हते, कारण दूध बंद म्हणजे पेटी बंद.

त्या वर्षी माघ सरला आणि कुपाचे काम लांब डोंगरात गेले. बायका तांबडे फुटताच पोरांना कडेवर घेऊन निघून जात. कुंदा पोचे तेव्हा वाडीत म्हातारे आणि कोंबड्या. दोन खेपा तिने ढवळलेले दूध ओढ्यात ओतले. तिसऱ्या खेपेला तिचा संयम सुटला. तिने नवसीला हाक मारली, आठवड्याची भुकटी कोरडीच तिच्या टोपलीत ओतली आणि म्हणाली, "नाचणीच्या पिठात मिसळून भाकरी करा. घराघरात वाटून दे, मावशी. आणि कोणाला बोलू नकोस."

"कोनाला बोलू?" नवसी म्हणाली. "झाडांना?"

मग दर आठवड्याला हेच होऊ लागले. चैत्रात पोरे पुन्हा वाडीत दिसू लागली, तेव्हा कुंदाच्या लक्षात आले की मुलांचे गाल भरले आहेत. नवसीची नात चिमी, जिच्या काटक्यांसारख्या पायांची कुंदाला धास्ती वाटत असे, ती आता धावत ओढ्यापर्यंत तिला घ्यायला येऊ लागली. कुंदाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नियम मोडला होता, पण नियमाचा हेतू साधला होता. असा युक्तिवाद तिने वेळ पडल्यास करण्यासाठी तयारही ठेवला.

वेळ वैशाखात पडली. दौलतरावांनी कुंदाला बोलावून सांगितले की दूध पाठवणाऱ्या संस्थेच्या एक बाई डेन्मार्कहून आल्या आहेत. मिस होल्म त्यांचे नाव. त्या मंगळवारी चार नंबर कॅम्प पाहतील, बुधवारी वाडी पाहतील. आणि वाडीचे केंद्र चालू ठेवायचे की ती पिंपे वसाहतीच्या शाळेला द्यायची, हे ठरवून जातील. दुभाषी म्हणून कुंदाने बरोबर यायचे.

"बुधवारी करंजवाडीत लग्न आहे," कुंदा म्हणाली. "नवसीच्या मुलाचं, बारकूचं."

"मग तर छानच. सगळी पोरं एका जागी सापडतील."

कॅम्पातली पाहणी सुरळीत झाली. चेतीबाईने मिस होल्मला ओट्यावर बसवून पापड खिलवला, आणि जाताना आणखी दोन पिंपांचे वचन घेतले. दुसऱ्या दिवशी दौलतरावांची जीप ओढ्यापर्यंत गेली आणि तिथून तिघे चालत वाडीत शिरले; मागून दौलतरावांचा गडी पिंप आणि पेटी घेऊन आला. मिस होल्म पन्नाशीची, उंच, उन्हाने लाल झालेली बाई होती. ती फार कमी बोले आणि दिसेल ते थांबून पाही. कुंदाला ती आवडली होती, आणि त्यामुळेच तिची भीती जास्त वाटत होती.

मांडवात ढोल वाजत होता. नवसीच्या झोपडीची भिंत ताज्या गेरूने लाल झाली होती आणि तिच्यावर चौक उमटला होता. शुभ्र म्हणावा तर जरा पिवळट, पण ठसठशीत. मिस होल्म भान हरपून पाहत राहिली. पाहता पाहता तिच्या कपाळाला आठी पडली. चौकाच्या खालच्या अंगाला मुंग्यांची रीघ लागली होती, आणि एक शेळी मान तिरकी करून भिंतीवरचा देवाचा घोडा चवीने चाटत होती.

एक पोरगी शेळीला हाकलू लागली. शेळी हलेना.

दौलतरावांनी भिंतीवरून बोट फिरवले, वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा समाधानच जास्त पसरले.

"हे बघा, कुंदाताई! बघा! समुद्र ओलांडून आलेलं दूध, आणि यांनी भिंतीला फासलं! सांगा यांना. मॅडमना सांगा, असले हे लोक. यांना दिलं काय न् गटारात ओतलं काय."

कुंदा नवसीकडे वळली आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, "मावशी, हे काय केलंस तू?"

"चौक लिवला," नवसी म्हणाली. लग्नाच्या घाईत कोणी भलतेच विचारीत असल्यासारखा तिचा सूर होता.

"भाकरीत घालायला दिलं होतं ना मी?"

"घातला की पयल्यांदा. पोरां रातभर रडली. मग म्या इचार केला. या साली लगनां लई. वाडीवाडीतून चौकाला बोलावतात. चौकाला तांदूळ देतात, मना तांदूळ देतात. म्या तुझा पीठ घेऊन गेलू, त्याचा चौक लिवला, आन् तांदूळ सगला घरी आनला. पोरांनी भात खाल्ला. पोरांना तुझा दूध मानवत नाय, बाय. भितीला मानवतां."

बायका हसल्या. ढोलवाला थांबून ऐकू लागला.

कुंदा उभ्या जागी दिङ्मूढ झाली. चिमीचे भरलेले गाल तिच्या दुधाचे नव्हते. तिने भुकटी दिली होती, नवसीने तिचे तांदूळ केले होते. ज्या विनिमयावर तिने परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती, तो तिच्या नाकाखाली, तिच्याच मालावर झाला होता. आणि युक्तिवाद मात्र ती भाकरीचा रचून बसली होती. तिला नवसीचा राग आला, त्याहून स्वतःचा, आणि सर्वांत जास्त त्या शेळीचा.

मिस होल्म वाट पाहत होती. कुंदाने सारे जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. कोरडी भुकटी न देण्याचा नियम आपणच मोडला, हेही सांगितले. मिस होल्मने भिंतीवरचा एक थेंब बोटाने टिपून जिभेवर ठेवला.

"आमचंच आहे," ती म्हणाली. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"काय म्हनते ती?" नवसीने विचारले. "तिला इचार, तिच्या गावची पोरां हाच पितात काय?"

कुंदाने विचारले. मिस होल्म शांतपणे म्हणाली, "नाही. आमची मुलं सायीसकट दूध पितात. साय काढून लोणी केलं की हे उरतं. माझ्या वडिलांच्या घरी हे डेअरीतून परत यायचं, ते डुकरांना घालायचे."

"हे नका सांगू यांना," दौलतराव घाईघाईने म्हणाले. इंग्रजी त्यांना एवढे समजत होते.

पण कुंदाने तेही सांगितले. आज कोणाचेच झाकायचे नाही, असा एक त्रागा तिच्या अंगात शिरला होता.

बायकांमध्ये जी हसण्याची लाट उसळली ती आवरता आवरेना. नवसीने डोळे पुसले. "म्हंजे डुकरांचा हिस्सा आमाला दिला! इचार तिला, डुकरां रागावली नाय ना?"

मिस होल्मपर्यंत प्रश्न पोचला तेव्हा तिच्याही ओठांचे कोपरे हलले. "सांगा, डुकरं नाही रागावली. त्यांचे मालक रागावले."

"डुकरां नशिबाची," एक बाई मागून म्हणाली. "आमच्यासाठी कोन मालक रागावतो काय?" आणि तिने दौलतरावांकडे पाहून पदर तोंडाला लावला.

त्या हशाचा फायदा घेऊन कुंदा मिस होल्मला म्हणाली, "तुम्ही यांना तांदूळ द्या. नाचणी द्या. त्यांना काय लागतं ते तुम्ही आता ऐकलंत."

"आमच्याकडे भात पिकत नाही, कुंदा. आमच्याकडे जे उरतं ते आम्ही पाठवतो. तुम्हाला जे लागतं ते पाठवायची व्यवस्था अजून कोणी केलेली नाही." ती चालता चालता थांबली. "माझी आजी जमीनदाराच्या शेतावर मजूर होती. तिची दोन मुलं भुकेनं गेली. आमच्याकडेही हे होतं; फार लांबची गोष्ट नाही. पुढं शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली आणि ठरवलं की मत गायीमागे नाही, माणसामागे. ज्याची एक गाय त्याचं एक मत, ज्याच्या शंभर त्याचंही एकच. त्यानंतर आमच्या घरात दूध आलं. कोणी पाठवलं नाही."

"मग आम्हाला दूध कशाला पाठवता? ते मत पाठवा," कुंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"ते पिंपात मावत नाही," मिस होल्म म्हणाली, आणि दौलतरावांकडे एकदा पाहून तिने नजर काढून घेतली.

मांडवाच्या कडेला पिंप उतरवून ठेवलेले होते. मिस होल्म त्यावर हात ठेवून उभी राहिली. आता तिच्या बोलण्यात कामाचा कोरडेपणा आला. "भिंतीचं मी विसरू शकते. पण मला परत जाऊन एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. मुलं हे दूध पितात का? पीत असतील तर केंद्र राहील. पेटीही राहील. नसतील तर ते जिथं पितात तिथं गेलं पाहिजे. मला पाहू द्या."

"काय म्हनते?" नवसीने विचारले.

कुंदाने सांगितले. सांगताना तिने मान खाली घातली होती.

नवसीने तिच्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, दौलतरावांच्या तोंडावरचे हसू पाहिले. मग कंबर खोचून तिने अशी आरोळी ठोकली की ढोलवाला दचकला. "ए पोरांनो! इकडं या सगली! रांगेत बसा! सोनी, तुझ्या पोराला आन. बारक्या, तूही बस, नवरा झालास म्हनून काय झालां! आज बायच्या हातचा पेवाचा!"

पाणी तापलेलेच होते. कुंदाने यंत्रासारखे दूध कालवले. मुले रांगेत बसली आणि प्यायली. नाक दाबून, डोळे मिटून, कडू काढा घ्यावा तशी, पण प्यायली. हळद लागलेल्या बारकूनेही एक भांडे रिकामे केले आणि बायकांनी त्याला ओव्यांतून टोमणे मारले. मिस होल्मचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"पितात की," ती म्हणाली. "चांगलं पितात. मी केंद्र चालू ठेवायची शिफारस करीन."

दौलतराव जीपकडे पाहू लागले होते. केंद्र वाचले होते. कुंदाने फक्त गप्प बसायचे होते.

चिमीची पाळी आली. तिने भांडे दोन्ही हातांत धरले आणि आजीकडे पाहिले. आजीने मान हलवली. चिमीने पहिला घोट घेतला, तो गिळताना तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि ती कुंदाकडे पाहून हसली. पाहुण्यांसमोर आपण बाईचे नाव राखतो आहोत, हे कळण्याएवढी ती मोठी होती.

कुंदाने तिच्या हातातून भांडे काढून घेतले.

"पुरे," ती म्हणाली, आणि मिस होल्मकडे वळली. "ही मुलं स्वतःसाठी पीत नाहीत. माझ्यासाठी पितायत. मलमासाठी पितायत. तासाभरानं ती पोट धरून बसतील. लग्न आहे त्यांच्या घरी."

मिस होल्मने पिंपावरचा हात काढून घेतला. "हे मला सांगितल्यावर मी ते ऐकलं नाही असं करू शकत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"तुम्ही खरं बोललात, याबद्दल मी आभारी आहे," ती म्हणाली, आणि ते आभार कुंदाला थपडेसारखे लागले.

निघायची वेळ झाली. दौलतरावांच्या गड्याने पिंप उचलले, पेटी उचलली. मांडवात दोन मुले गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली होती आणि सोनी त्यांच्या बेंबीवर हिंग लावीत होती. नवसी कुंदाबरोबर ओढ्यापर्यंत आली. ओढ्याशी आल्यावर म्हणाली,

"तू कशाला तोंड उघाडलास?"

"खोटं कसं बोलू, मावशी? त्यांना त्रास होत होता."

"पोटात दुखलां असतां. दुखतांच की पोरांच्या पोटात. भूक लागली तरी दुखतां, दूध पेला तरी दुखतां. सकाली थांबलां असतां. पेटी राहिली असती. भुकटी राहिली असती, म्या तिचा भात केला असता." नवसीचा आवाज चढला नव्हता, तोच जास्त लागत होता. "तुना खरां बोलाचा होता, तर बोलाचा. पन माझ्या पोरांच्या पोटानं कशाला बोललीस? तुझ्या पोटानं बोलाचा."

आपणही आज काहीतरी गमावणार आहोत, या एका विचाराचा कुंदाला आधार वाटत होता. नियम मोडल्याची कबुली तिने चारचौघांत दिली होती. नोकरी जाणारच होती. निदान हिशेब सारखा झाला असता. ती जीपपाशी गेली आणि दौलतरावांना म्हणाली, "मी उद्या कचेरीत येऊन राजीनामा देते."

"राजीनामा?" दौलतराव खरोखरच चकित झाले. "कशाला? मॅडम आत्ता काय म्हणाल्या माहीत आहे? अशी प्रामाणिक बाई सोडू नका म्हणाल्या. वसाहतीच्या शाळेत दूध वाटायला माणूस लागणारच आहे. पगार तोच. आणि तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर, कुंदाताई. उन्हातान्हाची ही पायपीट वाचली तुमची. बसा, बसा."

पुढच्या आसनावर मिस होल्म डोळे मिटून बसली होती. पलीकडे नवसी अजून उभी होती. तिने दौलतरावांचे बोलणे ऐकले होते आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असेच व्हायचे, हे तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखी ती उभी होती. जगभरच्या विषमतेबद्दल कुंदाने जे जे वाचले होते त्यात हे कुठेच नव्हते: की दोघींनी मिळून केलेल्या एकाच गुन्ह्याची शिक्षा एकीला व्हावी आणि दुसरीला बक्षीस मिळावे, आणि त्यात कोणाचाही दुष्टपणा असू नये.

चालत जावे असे तिला वाटले. पण तिच्या चालण्याने वाडीला काय मिळणार होते? ती जीपमध्ये चढली. पेटी तिच्या पायांशीच होती.

"ही पेटी वाडीत राहू दे," ती म्हणाली.

"पेटी दुधाबरोबरची आहे. दूध तिथं पेटी."

"शाळेतल्या मुलांना खरूज नाही, दौलतराव."

"नसेल. पण नियम आहे."

"मग नियम बदला. बैठक बोलवा."

"बघू."

"कधी बघू? पुढच्या महिन्यात हिवताप सुरू होईल. तुमचीच माणसं आहेत, तुमच्याच कुपात कामाला येतात. तापानं फणफणलेला माणूस झाड तोडील का तुमचं?"

दौलतरावांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट पाहिले. "बघू म्हटलं ना, कुंदाताई."

"आज काय ते बघा," कुंदा म्हणाली. जीप धक्के खात उतारावरून बदलापूरच्या रस्त्याला लागली तरी ती तेच बोलत होती. दौलतरावांनी उपरणे कानाभोवती गुंडाळून घेतले होते, आणि पुढे बसलेली परदेशी बाई, भाषा कळत नसूनही, डोळे उघडून ऐकत होती.